मागल्या दारचा पाळणा

आक्का, तू गेलीस ते एक वेळ मी समजून घेईन. माणूस येतं तसं जातं. पण जाताना आपलं शेवटचं गाणं ठेवायला तुला या अख्ख्या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडू नये, हे काही तू बरं केलं नाहीस.

घरात गळ्याची माणसं कमी आहेत का? तुझी भावजय आहे. तिचा गळा तर तूच घडवलास. माझी यमू आहे. ती पाळण्यात होती तेव्हापासून तुझ्या चाली ऐकत आली. आपल्या काकू आहेत. आवाज चिरका झाला तरी सूर सोडत नाहीत. आणि गाणं कुणापाशी? तर माझ्यापाशी. मी आरतीला तोंड उघडलं की आजूबाजूचे लोक आपणहून टाळ जोरात वाजवतात, त्या माझ्यापाशी.

तू कधी गेलीस, कशानं गेलीस, हे इथं लिहीत नाही. कचेरीत दिवसभर तेच लिहितो, अमुक फौत झाला, तमुक वारस. तुझ्याबद्दल तसलं लिहायला हात वळत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी भटजींनी तुझं नाव विचारलं आणि मी चटकन म्हणालो, "आक्का." ते म्हणाले, "अहो, ते झालं. नाव सांगा, नाव." आणि मला आठवेना. सख्ख्या भावाला! मी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "गोदावरी." एवढी मोठी नदी आपल्या घरात होती आणि आम्ही तिला नुसतं आक्का म्हणून हाक मारत होतो.

तुझ्या गाण्यांचा पहिला बळी मी. हे आईनं सांगितलेलं. माझं बारसं होतं आणि तू परकरातली पोर. बाया पाळणा म्हणत होत्या, बाळ अमक्या देवासारखा होवो, तमक्या राजासारखा होवो. तू मध्येच तोंड घातलंस म्हणे, "न्हाई. माझा भाऊ तालुकदार होनार." जिल्ह्याचा सगळ्यांत मोठा साहेब तो तालुकदार. नुकताच तो घोड्यावर बसून आपल्या गल्लीतून गेला होता, मागं शिपाई पळत होते, आणि तू उंबऱ्यावर उभी राहून तोंड उघडं टाकून बघत होतीस. बाया हसल्या, पण ओळ कुणीतरी उचलली. पुढं तू ती नीट केलीस आणि घरातल्या प्रत्येक बारशाला ती शेवटी आलीच आली:

बाराव्या दिशी वाजलं दार,
बाळ होईल गं तालुकदार,
झुलवा गं पाळणा झुलवा.

मी झालो नक्कलनवीस. तालुकदारसाहेब हुकूम देतात, मी त्याची प्रत उतरवतो आणि खाली उर्दूत लिहितो, 'नक्कल मुताबिक असल'. मूळ जसं, तशीच ही प्रत. आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलेलं लिहिलं. पण तुला त्याचं काही वाटायचं नाही. तू म्हणायचीस, "निम्मं तर खरं झालं का न्हाई? साहेबाचा हुकूम तुझ्याच अक्षरात जातो की."

नांदूरघाटच्या सासरहून तू गाडीत बसून परत आलीस तेव्हा तुझं वय आताच्या यमूएवढं होतं. कपाळ मोकळं, हातात एक गाठोडं. त्यानंतर वर्षभर तू बोललीच नाहीस, असं आई सांगायची. आणि मग एक दिवस घरात बारसं निघालं, पाळणा म्हणताना बायांची ओळ अडली, आणि मागल्या पडवीतून, जात्यापाशी बसलेल्या तुझ्या तोंडून ती हळूच आली. अडलेली ओळ नव्हे, दुसरीच, नवी. दाराजवळच्या बाईनं ती उचलली, पुढच्यांनी धरली, पाळणा हलला. तिथून आपल्या घरची ती रीतच पडली.

विधवेनं पाळण्याला हात लावायचा नाही. समोर बसून गायचं नाही. पण मागल्या पडवीत बसून दळण दळायला कुणाची मनाई? तू आत जात्यापाशी बसायचीस, मधे दार, दाराला पडदा. तू ओळ सोडायचीस. दाराशी बसलेली तुझी भावजय ती उचलायची, मग सगळ्या जणी. तुझी ओळ यायला उशीर झाला की पुढच्या बाया पाळण्याची दोरी उगाच सारखी करायच्या, बाळाची कुंची उगाच सरळ करायच्या. पाहुण्या बाया जाताना काकूंना म्हणायच्या, "तुमच्या घरच्या सुना लई गानाऱ्या बाई!" काकू मान डोलवायच्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

आणि काय गाणी होती ती! सगळी सुखाची. दुसऱ्यांच्या गाण्यात सासुरवास असायचा, सवत असायची, माहेरच्या वाटेवरचा बाभळीचा काटा असायचा. तुझ्या गाण्यात दुःखाला बसायला जागाच नव्हती. तुझ्या गाण्यातला नापास मुलगा पास व्हायचा, वांझ गाय व्यायची, बदलीवर गेलेला नवरा बढती घेऊन यायचा. शेजारच्या रहीमबीच्या घरी मुलाची छठी झाली तेव्हा भिंतीपलीकडून तुझीच चाल ऐकू आली: 'मेरा लाल बनेगा तालुकदार'. तू जात्याचा खुंटा सोडून हसत सुटलीस. "बघ रे दत्तू, गानं भिंतीवरून उडी मारून गेलं. मला न्हाई जमत, त्याला जमतं."

मी कामासाठी चौसाळ्याला गेलतो, तर आडावर बाया पाणी शेंदताना तुझा पाळणा म्हणत होत्या. एकदा एका लग्नाला अंबाजोगाईला गेलो (कचेरीत आम्ही मोमिनाबाद लिहितो, तू ते नाव कधी घेतलं नाहीस). तिथंही तुझंच गाणं. फक्त त्यांच्याकडं मुनसफाची कोर्टकचेरी मोठी, म्हणून बाळ तालुकदाराऐवजी मुनसफ होत होतं. मी धावत घरी आलो, तुला सांगायला. वाटलं, खूश होशील. तू दळण थांबवून माझ्याकडं असं बघितलंस, जणू मीच चोरी केली होती.

"मुनसफ? मुनसफ कावून?"

"अगं, त्यांच्याकडं मुनसफाचा मान मोठा."

"मानाचं राहू दे. दार आन् मुनसफ जुळतंय का? गानं लंगडं केलं मेल्यांनी!"

"पण आक्का, तुझं गाणं तिथपर्यंत गेलं!"

"लंगडत गेलं," तू म्हणालीस, आणि जातं पुन्हा फिरायला लागलं.

माझं आणि तुझं भांडण याच्यावरूनच होतं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, ही गाणी खोटी आहेत. अख्ख्या जिल्ह्यात तालुकदाराची खुर्ची एक, आणि तू प्रत्येक पोराला त्याच खुर्चीवर बसवतेस. पुढं काय होतं? कुणी चौसाळ्याला किराणा मांडतो, कुणी खरीप-रब्बीत रमतो, कुणी माझ्यासारखा शाईत बोटं बुडवून बसतो. तू म्हणायचीस, "पाळन्यातल्या लेकराला असं सांगू का, की बाबा, तू नक्कलनवीस होशील, पाठीला बाक येईल, आन् बायकू तुझी टोपी रोज लपवून ठेवील?"

"निदान खरं तरी होईल."

"खऱ्याला गानं कशाला लागतं? ते येतंच की आपल्या पायानं."

एकदा मी जरा जास्त बोललो. म्हणालो, "तुला तरी कुठं सुख मिळालं, आक्का? दुसऱ्यांच्या सुखाची गाणी करतेस." तू पीठ भरत होतीस. हात थांबला नाही. म्हणालीस, "सैंपाक करनारी आधी जेवलेली असावी लागती व्हय रे?"

आता वाटतं, की जेवलीस का, असं तुला कुणी विचारायला हवं होतं.

मी विचारलं एकदा, माझ्या पद्धतीनं, म्हणजे गाढवासारखं. माझ्या धाकट्या लेकाचं बारसं होतं. मी सुताराकडून शिसवी पाट करून आणला होता आणि तो पाळण्यासमोर, बायांच्या पहिल्या ओळीत ठेवला. काही बोललो नाही. वाटलं, पाट बघून तू येशील. कचेरीतला माणूस मी. मला वाटतं खुर्ची मांडली की हुद्दा मिळतो. बाया जमल्या, जी ती त्या पाटाला वळसा घालून बसली. काकू आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो पाट कुनाला रं?"

ओसरीतून मी आत डोकावत होतो. सगळ्या बाया पाटाकडं बघत होत्या. तुझं नाव घ्यावं, तर तुला सगळ्यांसमोर नाकारलं जाणार. न घ्यावं, तर पाट रिकामा बोंबलतोय. तेवढ्यात पडद्यामागून तुझा आवाज आला.

"मांजराला!"

बाया अशा हसल्या, की बाळ दचकून रडायला लागलं. काकूही हसल्या. गाणं सुरू झालं. संध्याकाळी तू तो पाट उचलून मागं जात्यापाशी नेलास, आणि त्यानंतर कायम त्याच्यावरच बसलीस. तू रागावली होतीस की बरं वाटलं होतं, हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात लोणच्याची फोड मोठी होती. त्यावरून मी काय तो अंदाज बांधला.

पुढं यायला तू नको म्हणायचीस त्याचं एक कारणही तुझ्याकडं होतं. "मी म्होरं आले तर बाया माझ्याकडं बघत्याल. लेकराकडं कोन बघंल?" हे तू इतक्या सहज म्हणायचीस, की मी निम्मा फसायचो.

नवं गाणं झालं की तू ते माझ्यावर घासून बघायचीस. सकाळी मी शेरवानीची बटणं लावत असायचो, तू दळत असायचीस. "म्हन बघू." मी म्हणायचो. तू डोळे मिटून घ्यायचीस, जणू कुणी पायावर पाटा टाकला. पण शब्द माझे चुकायचे नाहीत. नक्कलनवीसाची तेवढीच विद्या. तू म्हणायचीस, "तुझ्या कानात राहिलं म्हंजे दगडात बी राहील. आता बाया धरत्याल." बारशाआधी गाणं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हा तुझा हट्ट. "कच्चं गानं वाऱ्याला लावलं की नासतं." म्हणून प्रत्येक गाण्याचा पहिला श्रोता मी. रेडकाला गाणं शिकवावं आणि मग गोकुळात पाठवावं, तशी तऱ्हा.

यमू बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तू नव्या पाळण्याला हात घातलास. तिचे महिने भरत आले होते, आणि ती पडवीत तुझ्याजवळ पाय पसरून बसायची. एका सकाळी तिनं विचारलं, "आत्या, मुलगी झाली तर शेवटी काय म्हनशील?"

"काय म्हनायचं? तालुकदारीन."

"म्हंजे तिचा नवरा तालुकदार."

"व्हय."

"ते झालं त्याचं. ती स्वतः कोन?"

जातं थांबलं. मी शेरवानीचं बटण चुकीच्या काजात घातलेलं मला आठवतं, कारण तसाच कचेरीत गेलो आणि दिवसभर हसू झालं. तू कितीतरी वेळ यमूकडं बघत राहिलीस. इतक्या पोरींचे पाळणे तू केलेस, आणि हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मीही नाही, आणि मी तर गाण्यांवरून रोज भांडणारा.

"बघू," तू म्हणालीस.

मुलगीच झाली. तोवर गाणं तयार होतं, शेवटची ओळ सोडून. आणि आक्का, तुझ्या सगळ्या गाण्यांत हे वेगळं होतं. यात घोडा नव्हता, शिपाई नव्हते.

पहिल्या दिशी अंगणात ऊन,
पाव्हणी आली गं वाट पुसून,
झुलवा गं पाळणा झुलवा.

दुसऱ्या दिशी दुधाची धार,
घरच्या भिंतीला फुटलं दार,
झुलवा गं पाळणा झुलवा.

असं अकराव्या दिवसापर्यंत. तू पोरीला मांडीवर घेऊन बसली होतीस, तुला कणकण होती, आवाज बसला होता. मी म्हणालो, "आणि बारावा?"

"सापडली न्हाई अजून," तू म्हणालीस. "काय होनार गं तू, आँ? सांग की मला." हे पोरीला. पोरीनं जांभई दिली. "बघ, हिला बी ठाव न्हाई. सापडली की सांगते."

आणि मग तू गेलीस.

बारसं पुढं ढकललं. सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. आणि घरात तिढा पडला. काकू म्हणाल्या, "जुना पाळना म्हना. गेलेल्या बाईचं नवं गानं बारशाला नको. लेकराला बाधतं." काकू वाईट नाहीत, हे तुला मी सांगायला नको. त्यांनी दोन लेकरं पाळण्यातूनच घालवली. बाळाच्या बाबतीत त्या वाऱ्यालाही भितात. पण यमू हटून बसली. "आत्यानं माझ्या लेकीसाठी केलंय. तेच म्हना. न्हाई तर मी पाळन्यात घालनार न्हाई तिला. राहू दे बिननावाची."

चौसाळ्याहून तिची नणंद नाव ठेवायला यायची होती, निरोप गेला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडले होते. आणि गाणं होतं फक्त माझ्या डोक्यात.

मी तुझ्या भावजयीला शिकवायला बसलो. शब्द तिनं पटकन धरले. चालीचं मात्र काही जमेना. ती म्हणाली, "अवो, सकाळी एक चाल सांगता, जेवताना दुसरी, आन् आता ही तर आरतीची झाली." मी म्हणालो, "हीच आक्काची." ती म्हणाली, "आक्कांनी ऐकलं तर परत येत्याल, मारायला." मला वाटलं, तसं असेल तर अजून मोठ्यानं म्हणावं.

मी खरोखरच मोठ्यानं म्हणालो. आणि भिंतीपलीकडून रहीमबी ओरडली, "भाईसाब! ऐसा नक्को गाओ, बच्ची डर जाती!"

थोड्या वेळानं ती स्वतःच आली, पीठ लागलेल्या हातांनी. ओट्यावर बसली आणि ओठ न उघडता गुणगुणायला लागली. आक्का, तीच ती. अगदी तीच. तू सकाळी दळताना जी घोळवायचीस ती सगळी भिंतीनं तिच्यापर्यंत पोचवली होती. शब्द तिला ऐकू आले नव्हते, चाल आली होती. माझ्याकडं शब्द होते, चाल नव्हती. तुझी भावजय माझ्याकडं बघत होती, मी रहीमबीकडं. मग रहीमबी पदरानं नाक पुसून म्हणाली, "तुम बोल बोलो, भाईसाब. बोलो, गाओ मत."

अकरा दिवसांचं गाणं उभं राहिलं. बाराव्याचं काय, हे मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, आहे माझ्यापाशी. आणि मीही नाही म्हणालो नाही. मला वाटत होतं, बारशापर्यंत तू सांगशील. तू म्हणाली होतीस ना, सापडली की सांगते. मी कचेरीत जाता-येता कान टवकारून चालायचो. बिंदुसरा नदीच्या पुलावर उभा राहायचो. ओळखीचे विचारायचे, "काय मुन्शीजी, तब्येत बरी हाय ना?"

बारशाच्या दिवशी यमूचाच हट्ट चालला. पाळण्यापाशी जुन्या गाण्यावर अडून बसलेल्या काकू, दाराशी तुझी भावजय, बायांत रहीमबी. मी शेरवानी घालून मागल्या पडवीत गेलो आणि जात्यापाशी, तुझ्या पाटावर बसलो. हसू नकोस. शिसवी पाट माझ्या आकाराला पुरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दार, पडदा, पडद्याच्या खालून बायांच्या पायांतली जोडवी दिसत होती. एवढंच दिसायचं तुला, आक्का? इतकी वर्षं, इतकी बारशी, आणि तुला फक्त जोडवी दिसायची?

मी पहिली ओळ सोडली. बोललो, गायलो नाही. रहीमबीनं सूर धरला, तुझ्या भावजयीनं ओळ उचलली, बाया मागं आल्या. पाळण्याच्या कड्या कुरकुरायला लागल्या. दुसरा दिवस, तिसरा, चौथा. काकू गप्प होत्या. त्यांचा आवाज मी सगळ्यांतून ओळखला असता. अकरावा झाला.

आणि मी थांबलो.

बाहेर झुलव्याचं पालुपद एकदा झालं, मग उगाच आणखी एकदा. कुणीतरी पाळण्याची दोरी सारखी केली असणार. कुणीतरी कुंची सरळ केली असणार. आयुष्यात माझ्यावर कधी स्वतःची ओळ लिहायची वेळ आली नव्हती. तालुकदारीण म्हणून मोकळं होता आलं असतं. ओळ तयार होती, जुळत होती, कुणी हरकत घेतली नसती. यमूनं मात्र पडद्याकडं बघितलं असतं, आणि मी पडद्याआड असूनही ते मला दिसलं असतं.

मी जात्याकडं बघितलं. पाटाच्या कडेला हात लावला. तुझ्या बसण्यानं तो मधोमध गुळगुळीत झाला आहे. आणि मला वाटलं, या पोरीला मोठ्यांत मोठं काय मिळावं, हे या पाटावर बसलेल्या बाईला माहीतच असणार. तिनं ते सांगितलं नाही, कारण ते स्वतःसाठी मागितल्यासारखं झालं असतं. मी बोललो:

बाराव्या दिशी उघडा गं दार,
लेक ही म्होरं बसून गाणार,
झुलवा गं पाळणा झुलवा.

ओळ कुणी उचलली नाही. तुझ्या भावजयीचा श्वास ऐकू आला. रहीमबीचा सूर नुसता तरंगत राहिला, शब्दांवाचून. पाळणा थांबला. मला वाटलं, झालं. पुन्हा पाट मांडून बसलो मी, आणि आता मांजर म्हणायलाही कुणी नाही.

मग एक चिरका आवाज आला.

"बाराव्या दिशी उघडा गं दार..."

काकू, आक्का. काकू! एकट्याच म्हणाल्या, पूर्ण म्हणाल्या, आणि मग बाया अशा आल्या मागून, की ओसरीतले पुरुष उठून उभे राहिले. गाणं संपल्यावर काकू उठल्या, दाराशी आल्या आणि हातानं पडदा बाजूला केला. मी तसाच पाटावर, गुडघे हनुवटीपाशी. त्यांनी माझ्याकडं नाही, जात्याकडं बघितलं. बराच वेळ. म्हणाल्या, "शेवटची ओळ वाईच लंगडी हाय. गोदीची न्हाई वाटत."

मी म्हणालो, "नक्कल आहे, काकू."

"असू दे," त्या म्हणाल्या. "पडदा धुवायला टाका आता. मळलाय लई." आणि गेल्या.

गोदी! तुला गोदी म्हणणारं माणूस घरात होतं, आणि मला ठाऊक नव्हतं.

पोरीचं नाव शांता ठेवलं. ठेवल्यापासून ती एक घटका शांत बसलेली नाही. पडदा धुतला, पुन्हा कुणी लावलेला नाही, आणि कुणी त्याबद्दल बोलतही नाही. गेल्या जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, मी नदीवर गेलतो. एक बाई धुणं आपटत 'लेक ही म्होरं बसून गाणार' म्हणत होती. तिनं मध्ये एक 'गं' घातला होता आणि लंगडणं गेलं होतं. ती कोण, कुठली, तिला हे कुणी दिलं, काही कळलं नाही. मी जवळ जाऊन म्हणणार होतो, की बाई, ही ओळ माझी. मग तुझी आठवण झाली आणि गप परत आलो. भांडण मात्र मिटलेलं नाही, आक्का, हे लक्षात ठेव. तुझी गाणी खोटी होती, असं मी अजूनही म्हणतो. फक्त आता म्हणताना आधी कुणी ऐकत नाही ना, ते बघतो.

तुझा पाट मी उचलून पुढं आणला. पाळण्यासमोर, पहिल्या ओळीत. काकू येतात, बघतात, पण कुणाला म्हणून विचारत नाहीत. दुपारी सगळे निजले की त्याच्यावर मांजर येऊन बसतं, तू म्हणाली होतीस तसंच. मी हाकलत नाही.